गाठोडं जेवत नाही

वहीत सगळ्यात वर लिहिलंय, ५ सप्टेंबर, १२४० ग्रॅम. त्याखाली तारखा, वजनं आणि प्रत्येक तारखेपुढे एकच शब्द, नाही. नाही. नाही. एका ठिकाणी "वास घेतला, नाही" असं आहे आणि त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता ते आठवून आता हसू येतं. दोन पानं भरलीत अशी. ही आमच्या सापाच्या जेवणाची वही आहे.

आम्ही राहतो अमेरिकेत, ओहायोमधे, कोलंबसला. मुलाला कुत्रा हवा होता, नवऱ्याला केसाळ प्राण्यांची अ‍ॅलर्जी, तेव्हा दोन वर्षं घरात हाच वाद. मग नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एकाला दुसऱ्या राज्यात नोकरी लागली, नव्या घरमालकाला साप चालणार नव्हता, आणि त्याने विचारलं घेता का. बॉल पायथन, नर, चार वर्षांचा, जेमतेम साडेतीन फूट, विषारी नाही, चावत नाही, काचेच्या पेटीसकट फुकट. मी नाही म्हणायच्या आत मुलाने हो म्हटलं होतं. ही जात मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतली, घाना टोगो बेनिन त्या बाजूची. घाबरला की डोकं मधे घालून स्वतःभोवती चेंडूसारखा गुंडाळून बसतो म्हणून बॉल. मुलाने नाव ठेवलं नूडल. पण तेव्हा सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या होत्या, त्यांनी पेटीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "साप कुठाय? हे तर गाठोडं आहे." झालं, तेच नाव पडलं.

(इथे एक सांगून टाकते कारण फोटो टाकल्यापासून पुण्यातले दोन भाचे मागे लागलेत. भारतात आपल्याकडचे साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे आणि बाहेरच्या जातींचीही आता नोंदणी लागते. तेव्हा नाही, मामी आणून देणार नाही.)

आधीचा मालक त्याला जिवंत उंदीर द्यायचा. मी पहिल्याच दिवशी सांगितलं की ते या घरात होणार नाही. थोडी माझी भीती होती, पण कारणही आहे, पेटीत कोंडलेला जिवंत उंदीर जीव वाचवायला चावतो आणि सापाला वाईट जखमा होतात, भूक नसली तर साप गप्प बसून राहतो आणि उंदीर त्याला कुरतडतो. म्हणून बहुतेक पाळणारे फ्रोझन देतात. इथे दुकानात मिळतात, साइजप्रमाणे पाकिटं. नियम सोपा, सापाच्या अंगाचा जो सगळ्यात जाड भाग तेवढ्याच जाडीचा उंदीर, आणि एवढ्या मोठ्या सापाला दोन-तीन आठवड्यांतून एक पुरतो. मी ४ चं पाकीट आणलं, झिपलॉकमधे घातलं, ती झिपलॉक डब्यात, डबा आणखी एका पिशवीत आणि सगळ्यात खालच्या कप्प्यात, वर खवलेला नारळ आणि मटार. आम्ही मासे खाणारे आहोत, तरी मला दोन रात्री मटार काढवेना.

आणि ऐन त्याच आठवड्यात गणपती. सासूबाईंना पाकीट सापडलं ते मोदकाचा नारळ काढताना. त्या ओरडल्या नाहीत, नुसत्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "अगं, हॉलमधे देव बसलाय आणि त्याचं वाहन तू फ्रीजरमधे घातलंस?" याच्यावर काय बोलणार. दीड दिवसाचा गणपती होता, विसर्जन बादलीत झालं, आणि तोवर मी तो डबा गॅरेजमधल्या जुन्या फ्रीजमधे हलवला. तो आजही तिथेच आहे.

पहिला प्रयत्न विसर्जनानंतर आठवड्याभराने. रात्रभर फ्रीजमधे ठेवून उंदीर सैल झाला, मग झिपलॉकसकट गरम पाण्यात. मायक्रोवेव्ह अजिबात नाही, फुटतो. बॉल पायथनच्या ओठांवर बारीक छिद्रांची ओळ असते, त्यांनी त्याला उष्णता कळते, अंधारात गरम रक्ताचा प्राणी कुठे आहे ते तो त्यांनीच ओळखतो. म्हणजे उंदीर नुसता वितळून भागत नाही, जिवंत उंदराच्या अंगाइतका गरम लागतो, साधारण ३८ ते ४० सेल्सियस. मी लांब चिमट्यात धरून पेटीत सोडला. आम्ही चौघं खुर्च्या ओढून समोर. मुलाचा मोबाइल रेकॉर्डिंगवर. गाठोड्याने डोकं बाहेर काढलं, जीभ दोनदा लपलपली, आणि डोकं परत आत. वीस मिनिटं मी तो उंदीर नाचवत होते, हात भरून आला. वही, १६ सप्टेंबर, नाही.

मग मी जे केलं ते सगळे नवखे करतात. तिसऱ्या दिवशी परत. मग चौथ्या दिवशी. उंदीर बदलून, छोटा, मोठा, पांढरा, करडा. एकदा वितळलेला उंदीर परत गोठवायचा नसतो त्यामुळे प्रत्येक नकार म्हणजे एक उंदीर कचऱ्यात. त्यात मुलाचे मित्र रोज येऊन साप बघायचे, हातात घ्यायचे, गळ्यात घालायचे. मला वाटायचं चांगलंय, माणसाळेल.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून बघत होत्या. त्यांचं माहेर शिराळ्याकडचं, बत्तीस शिराळा, नागपंचमीचं. लहानपणी त्यांनी जिवंत नागांच्या मिरवणुका बघितलेल्या, पुढे कोर्टाने ते बंद केलं. त्यामुळे सापाची भीती मला जेवढी होती त्याच्या दहावा हिस्साही त्यांना नव्हती, पण जेवणाबद्दलची माहिती सगळी पंचमीची. ऑक्टोबरात एक दिवस बघते तर पेटीत वाटीत दूध आणि बाजूला चार लाह्या. म्हटलं अहो आई, साप दूध पीत नाही, त्याला ते पचत नाही, गारुडी आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवतो म्हणून तो बिचारा समोर येईल ते पितो. त्या म्हणाल्या, "मला माहितीये गं. पण उपाशी बसलाय, काहीतरी पुढ्यात ठेवायला नको?"

ऑक्टोबरच्या शेवटी घाबरून डॉक्टर गाठले. सगळे व्हेट साप बघत नाहीत, एक्झॉटिक, म्हणजे कुत्र्यामांजरांपलीकडचे प्राणी बघणारी एक बाई पन्नास मिनिटांवर मिळाली. मी उशीच्या अभ्र्यात साप घालून, अभ्रा खोक्यात, खोकं मांडीवर. तिने तोंड उघडून हिरड्या बघितल्या, श्वासाला घरघर आहे का ऐकलं, तोंडाशी फेस नाही ना ते बघितलं, खवल्यांत किडे नाहीत ना ते बघितलं, शी तपासायला घेतली (ती मी डबीत नेली होती, आयुष्यात काय काय करावं लागतं). सगळं नॉर्मल. मग तिने विचारलं पेटीत टेंपरेचर किती. मी म्हटलं गरम बाजूला ९० फॅरनहाइट. कशावरून? म्हटलं काचेवर चिकटवलेला गोल काटा आहे ना त्यावरून. ती हसली. तुमच्या नशिबाने हा काटा खरं बोलत असेल तर असेल, म्हणाली.

जाता जाता तिने एक आकडा दिला तो मात्र माझ्या फार कामी आला. वजन दर आठवड्याला किचनच्या काट्यावर करायचं, आणि दहा टक्के उतरलं किंवा पाठीचा कणा वर दिसायला लागला तरच परत यायचं. या जातीचे मोठे नर थंडीत महिनोन् महिने जेवत नाहीत, तो त्यांचा जोडीदार शोधायचा मोसम, त्यांचं लक्ष पोटाकडे नसतं. घरी येऊन मी वहीत लाल पेनने लिहिलं, १११६. त्या दिवशी तो १२१५ होता. म्हणजे भरपूर जागा होती. तोपर्यंत मी रोज रात्री तो मेला तर मुलाला काय सांगायचं याचा विचार करत झोपत होते.

टेंपरेचर गन मागवली, ती बंदुकीसारखी असते, दाबलं की लाल ठिपका पडतो आणि तिथलं तापमान दिसतं. गरम बाजूची जमीन निघाली ७९. एकोणऐंशी! हवी ८८ ते ९२, म्हणजे ३१ ते ३३ सेल्सियस. काटा दीड महिना आम्हाला ९० दाखवत होता. साप थंड रक्ताचा, बाहेरची ऊब नसेल तर पोटातलं अन्न पचत नाही, सडतं, मग तो उलटून टाकतो. म्हणजे त्या थंड पेटीत त्याने जेवण नाकारलं हा त्याचा शहाणपणा होता आणि आम्ही त्याच्या तोंडासमोर उंदीर नाचवत होतो. आणि ह्युमिडिटी, इथे थंडीत घरात हीटर सुरू झाला की हवा इतकी कोरडी होते की आपलेच ओठ फाटतात, पेटीत २८ टक्के. त्याला निदान ६० लागते.

पुढचा महिना मी जेवण हा विषयच बंद केला. हीट मॅट बदलली, थर्मोस्टॅट लावला (हा असलाच पाहिजे, नाहीतर मॅट तापत जाते आणि साप भाजतो). वरच्या जाळीचा तीन चतुर्थांश भाग फॉइलने झाकला, खाली वर्तमानपत्र होतं ते काढून नारळाच्या काथ्याचा भुसा भरला, कोकणातल्या माणसाला दुकानात पैसे देऊन काथ्या विकत घेताना काय वाटतं ते जाऊ दे. लपायला एकच मोठं लाकडी खोपटं होतं, तो त्यात मधोमध बसायचा. त्याऐवजी दोन लहान, एक गरम बाजूला एक थंड, इतके लहान की आत शिरला की तिन्ही बाजूंनी अंगाला टेकतील. त्याला मोकळं ढाकळं आवडत नाही, अंग चेपून बसायला आवडतं. मित्रमंडळ बंद. हातात घेणं बंद. मुलगा रडला थोडा.

आणि पेटीच्या तीन बाजू झाकायच्या होत्या, त्याला मी पुठ्ठा शोधत होते तर सासूबाईंनी त्यांचं जुनं मऊ पातळ आणून दिलं. "चौघं टक लावून बघता, कोण जेवेल? कोंबडी डालग्याखाली कशी गप्प बसते बघ." मी म्हटलं साप कोंबडी नाही. पण पातळ टाकलं. तिसऱ्या रात्री दहा वाजता मी पाणी प्यायला उठले तर गाठोडं पूर्ण उलगडून पेटीभर फिरत होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याला लांबलचक बघितला. अंधारात उभी राहून बघत बसले, नवरा शोधत आला.

यानंतर जेवला असता तर गोष्ट छान झाली असती. नाही जेवला. नोव्हेंबरच्या शेवटी नाही, डिसेंबरात दोनदा नाही. मधे डोळे दुधाळ निळे झाले, म्हणजे कात टाकणार, त्या दिवसांत त्याला धड दिसत नाही, तेव्हा विचारायचंही नाही. कात मात्र अखंड निघाली, डोळ्यांवरच्या टोप्यांसकट, आधी तुकड्या तुकड्यांनी निघायची म्हणे. सासूबाईंनी ती घडी करून देवघरात ठेवली.

आणि जानेवारीत माझा तोल गेला. ११८८ ग्रॅम, बाहेर उणे १५, पाच महिने झालेले. म्हटलं एकदाच. जाऊन जिवंत उंदीर घेऊन आले. लहानसा, करडा-पांढरा, खोक्याच्या भोकातून मिशा बाहेर. रात्री पेटीत सोडला आणि मी शेजारी चिमटा घेऊन उभी. उंदराने पेटीत फेरी मारली, पाण्याच्या वाटीत पाय धुतले, गरम बाजूच्या खोपट्यापाशी गेला आणि आत डोकावला. मी श्वास रोखून. गाठोड्याने नाक आत ओढून घेतलं. उंदीर मग त्याच खोपट्यावर चढून तोंड पुसत बसला. पंधरा मिनिटांनी मी त्याला बाहेर काढलं आणि आता याचं काय करायचं म्हणून मागे वळले तर जिन्यात मुलगा उभा. त्याचं नाव तिथल्या तिथे ठरलं, मूषक. उंदराला एकट्याला करमत नाही असं मुलाने मला वाचून दाखवलं, तेव्हा पुढच्या आठवड्यात दुसरा आला. दोन्ही नर आहेत असं दुकानदार म्हणतो. आणि हो, अ‍ॅलर्जीवाला नवरा दोघांना खांद्यावर घेऊन टीव्ही बघतो, गोळी घेऊन.

आता उंदीर घरात आल्यावर मला जे आधी सुचायला हवं होतं ते सुचलं. फ्रोझन उंदराला वासच नसतो फारसा, गरम पाण्यातून काढला की प्लास्टिकचा येतो. ज्या सापाला चार वर्षं जिवंत, मुतरा, भुशात लोळलेला उंदीर मिळाला त्याला हे जेवण आहे हे कळणार कसं. लोक याला बरेच उपाय करतात. कोणी चिकनचं पाणी लावतं, कोणी कोंबडीच्या पिल्लाची पिसं, कारण रानात हे लहान असताना पक्षीही खातात. कोणी उंदराच्या डोक्याला टोचून मेंदूचा अंश नाकावर लावतात, तो सगळ्यात हमखास म्हणे. मी सुई घेऊन बसले होते एकदा, नाही जमलं. बळजबरीने तोंड उघडून भरवणं हा अगदी शेवटचा आणि डॉक्टरच्या हातचा, घरी करायला गेलं की तोंडाला इजा होते आणि साप जेवणाचाच धसका घेतो. मी आपली मूषकच्या पिंजऱ्यातला दोन दिवसांचा भुसा पिशवीत घेऊन वितळलेला उंदीर त्यात घोळवायला सुरुवात केली, भजी पिठात घोळवतात तसा. बरा वास यायचा.

फेब्रुवारीत दोनदा. पहिल्यांदा नाही. दुसऱ्यांदा, २२ तारखेला, तो खोपट्यातून हातभर बाहेर आला, मान मागे घेतली, इंग्रजी एस सारखी, म्हणजे झडप घालायची तयारी, आणि नेमका डिशवॉशर वाजला. परत आत. मी डिशवॉशरला काय बोलले ते लिहीत नाही. २७ ला सासूबाई परत गेल्या, एअरपोर्टवर मला म्हणाल्या, "जेवला की कळव, कितीही वाजू देत." मुलाच्या अभ्यासाबद्दल, नवऱ्याच्या बीपीबद्दल काही नाही.

१४ मार्च. शुक्रवार, ११७६ ग्रॅम. रात्री सव्वाअकरा, घरातले सगळे दिवे बंद, फक्त जिन्यातला एक. आदल्या रात्रीपासून फ्रीजमधे, संध्याकाळी गरम पाणी, भुशात घोळवला, आणि शेवटच्या क्षणी डोक्याला हेअर ड्रायर, कारण वाळला पण पाहिजे आणि डोकं सगळ्यात गरम पाहिजे, तो उष्णता बघून डोक्याकडूनच धरतो. चिमट्याने शेपटीकडे धरला, पेटीत घातला आणि हलवलाच नाही. नाचवणं नाही, नाकाला लावणं नाही. खोपट्याच्या दारापासून वीतभर लांब, नुसता टेकवून. हात अवघडला. बाहेर जीभ आली. मग नाक. मग बराच वेळ काहीच नाही, मला वाटलं आजही वहीत तेच.

झडप दिसलीच नाही. चिमट्याला हिसका बसला, चिमटा हातातून सुटला, आणि बघते तर उंदराभोवती दोन वेढे. मेलेल्या, गोठवलेल्या, ड्रायरने वाळवलेल्या उंदराला तो जीव खाऊन आवळत होता. मी जागच्या जागी जमिनीवर बसले. पाचेक मिनिटं तो तसाच, मग वेढे ढिले, मग नाकाने चाचपत डोकं शोधलं आणि गिळायला लागला, सावकाश, एकदा डावा जबडा एकदा उजवा. शेपटी मिशीसारखी बाहेर राहिली थोडा वेळ. ती पण गेली. मग मोठ्या दोन जांभया, जबडा जागेवर बसवायला, आणि गाठोडं परत गाठोडं.

मुलाला उठवलं नाही, आवाज नको. तिकडे सकाळचे सव्वानऊ होत आले होते. फोन लावला आणि कुजबुजत म्हटलं, आई, जेवला. पलीकडे पाण्याचा आवाज, नळ बंद केल्याचा आवाज. "काय घातलंस?" म्हटलं तेच, उंदीर. "आणि माझं पातळ?" आहे पेटीवर. "हं. आता ते काढू नकोस."

आता नक्की कशाने जेवला विचाराल तर मला सांगता येत नाही. ऊब नोव्हेंबरपासून नीट होती. भुसा फेब्रुवारीपासून. पातळ त्याच्याही आधीपासून. डॉक्टरीणबाईंना कळवलं तर त्यांचं म्हणणं, मार्च आहे, मोसम संपला, आता जेवायचाच होता. मुलाच्या मते मूषकचा भुसा. नवऱ्याच्या मते डिशवॉशर बंद होता. मी सगळंच चालू ठेवलंय, एकेक काढून बघायची माझ्यात हिंमत नाही. त्यानंतर दोन दिवस, म्हणजे अठ्ठेचाळीस तास, कोणी हात लावायचा नाही, नाहीतर उलटी होते आणि मग दोन आठवडे परत काही द्यायचं नाही, तेही पाळलं. आणि हात धुणं, प्रत्येक वेळी, साबणाने, उंदराला लावला तरी आणि सापाला लावला तरी, साल्मोनेलाचा (पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा) धोका असतो. किचनच्या सिंकमधे तर काहीच नाही, त्याची बादली, चिमटा, काटा सगळं गॅरेजमधे.

त्यानंतर तीन आठवड्यांनी परत दिला. खाल्ला. मग परत. १२०४. मुलगा शाळेत सांगून आला. मग काल रात्री सगळं तसंच केलं, फ्रीज, गरम पाणी, भुसा, ड्रायर, दिवे बंद. तो बाहेर आला, वास घेतला, उंदराच्या अंगावरून सरपटत पलीकडे गेला आणि पाणी प्यायला. अर्धा तास बसले. मग उंदीर पिशवीत बांधून कचऱ्यात टाकला, वहीत लिहिलं, नाही, आणि जाऊन झोपले.